पदाची फरदड

(वसई येथे भरलेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण. जिल्हाप्रमुखाची निवड आणि मुदत यांविषयीचा ठराव आता प्रत्येक जिल्ह्याच्या बैठकीत यायचा आहे, म्हणून ते येथे छापले आहे.)



काल वसई रोडला उतरल्यापासून आपली यवतमाळ, वर्धा, परभणीकडची मंडळी एकच गोष्ट पाहताहेत. जो तो विहिरीत वाकून बघतो. पाणी किती वर आहे! आपल्यापेक्षा अडीच-तीन पट पाऊस पडणारा हा मुलूख. इथे केळीच्या बागा, पानवेली, फुलांचे मळे. आपण कापूस आणि ज्वारीवाले कोरडवाहू लोक. इथल्या वाडीवाल्याला आपली बोंडअळी कळत नाही, आपल्याला त्याची सुकेळी कळत नाहीत. पण एक गोष्ट दोघांनाही सारखी कळते. आपण निवडून दिलेला माणूस आपल्या हातात किती राहतो आणि आपण त्याच्या हातात किती जातो.

शिबिरात आज सकाळी ठरावाचा मसुदा वाटला. कागद लहान आहे, पण त्यावर चहाच्या रांगेत भांडणे सुरू झालेली मी ऐकली. बरे झाले. भाव, वीज, कर्ज यांच्यावर आपण सरकारशी भांडतो, स्वत:च्या घरातल्या कारभारावर क्वचितच. मसुदा म्हणतो, जिल्हाप्रमुख इथून पुढे एकमताने न निवडता चिठ्ठीने निवडावा, मुदत तीन वर्षांची असावी, आणि एका माणसाने सलग दोन मुदतींपेक्षा जास्त पद धरू नये. मी स्वत: नऊ वर्षे जिल्हाप्रमुख आहे. तेव्हा मी जे बोलणार ते माझ्याच विरुद्ध जाणारे आहे, हे आधी सांगून टाकतो.

काल संध्याकाळी आपण किल्ला पाहिला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला हे आपल्याला शाळेत शिकवले. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, हे सांगताना मात्र मास्तरांचा आवाज खाली येई. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळाला तो इथे येऊन थांबला, आणि आपली गादी परत मिळावी म्हणून त्याने इंग्रजांची फौज पदरी घेण्याचे कबूल केले. आता पेशवा म्हणजे कोण? छत्रपतींनी नेमायचा प्रधान. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाला ते पद मिळाले तेव्हा ती नेमणूक होती. पुढे ते एकाच घरात राहिले. पराक्रमी माणसे होती तोवर कोणाला काही खटकले नाही. खटकले तेव्हा त्या माणसाला बाजूला सारण्याची कोणतीही सरळ वाट उरली नव्हती. लढाई ही एकच वाट होती, आणि लढाईत हरलेल्याला परक्याचा दरवाजा ही दुसरी. इतिहासाचे मोठे पंडित यात आणखी कारणे सांगतील. मी शेतकी शिकलेला माणूस, मला एवढेच दिसते.

आता आपल्यातल्या जाणत्या लोकांचा आक्षेप. तो हलका नाही. ते म्हणतात, भाऊ, निवडणूक आणली की फूट आली. आज गावात सोसायटीची निवडणूक झाली की दोन भाऊ एका बांधावर बोलत नाहीत. मग ही रोगराई संघटनेत कशाला आणता? एकमताने चालले आहे ते चालू द्या.

या आक्षेपाच्या बाजूने सगळ्यात चांगला दाखला याच वसईचा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथले. 'सुवार्ता'चे संपादक, हरित वसईच्या लढ्याचे पुढारी. वसईची शेती, विहिरी आणि झाडे वाचावीत म्हणून त्यांनी लोकांना रस्त्यावर आणले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्याचे ते अध्यक्ष होते. एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठवाड्यातल्या कोरडवाहू मुलखात जाऊन मराठी संमेलनाचा अध्यक्ष झाला. हे निवडणुकीने झाले असते का? मला शंका आहे.

कारण साहित्य महामंडळाने २०१८ साली आपली निवडीची पद्धतच बदलली होती. त्याआधी संमेलनाध्यक्षासाठी मतदान होई. मतदार हजाराच्या आसपास, मतपत्रिका टपालाने जायच्या. उमेदवाराने गावोगाव मतदारांच्या भेटी घ्यायच्या. मतपत्रिका गठ्ठ्याने गोळा होतात अशी कुजबुज दरवर्षी असे. अनेक मोठे लेखक म्हणत, या वयात मी मते मागत फिरणार नाही, आणि घरी बसत. २०१८ च्या बडोद्याच्या संमेलनाचे लक्ष्मीकांत देशमुख हे या पद्धतीने निवडून आलेले शेवटचे अध्यक्ष. त्यानंतर घटक संस्थांनी नावे सुचवायची आणि महामंडळाने त्यांतून एक ठरवायचे, अशी रीत आली. पहिल्या ९१ संमेलनांत स्त्री अध्यक्ष चारच झाल्या होत्या : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष. नव्या रीतीतली पहिलीच निवड अरुणा ढेरे यांची, पुढे फादर दिब्रिटो, मग जयंत नारळीकर. २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनाला तारा भवाळकर. मते मागायला यांतले कितीजण फिरले असते?

म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले? थांबा. अरुणाताईंचे ते पहिले संमेलन आमच्या यवतमाळला झाले, जानेवारी २०१९ मध्ये. मी तिथे श्रोता होतो. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावले होते. विरोधाचा आवाज झाला आणि आयोजकांनी ते निमंत्रण मागे घेतले. महाराष्ट्रभर गदारोळ उठला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. शेवटी उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. कर्जापायी ज्याने जीव दिला अशा आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची ती बायको. त्या बाईंचे बोलणे ज्यांनी मंडपात ऐकले ते विसरणार नाहीत.

पण त्या गडबडीत मला एक गोष्ट दिसली. कोणाला बोलवायचे आणि कोणाला नको, हे ठरवणारे लोक निराळे होते. संमेलनाध्यक्षाचे पद मानाचे. एका वर्षाचे. हातात किल्ली नाही, पावतीपुस्तक नाही, बँकेत सही नाही. अशा पदासाठी एकमताने माणूस शोधणे चांगलेच. आपणही शिबिराचा अध्यक्ष तसाच ठरवतो, त्याला कोणी मतदान मागत नाही. कारभार ज्या महामंडळाच्या हातात असतो, त्याची पद्धत मात्र पाहा. त्याचे कार्यालय दर तीन वर्षांनी हलते. पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद अशा चार संस्थांकडे ते पाळीपाळीने जाते. साहित्यिक लोक व्यवहारात कच्चे असतात असे आपण म्हणतो, पण मानाला एकमत आणि कारभाराला फेरपालट हे त्यांनी बरोबर वेगळे ठेवले आहे.

आपला जिल्हाप्रमुख यांतला कोणता? मानाचा की कारभाराचा? नऊ वर्षांचा अनुभव सांगतो.

चार वर्षांपूर्वी कापूस खरेदी केंद्रासाठी आपण रास्ता रोको केला. तीन तालुक्यांतले लोक दोन दिवस रस्त्यावर होते. भर थंडी. बाया भाकरी बांधून आलेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला चर्चेला बोलावणे आले. मी एकटा गेलो. चहा झाला, तोंडी शब्द मिळाला, आणि मी तिथूनच फोन करून आंदोलन मागे घेतले. शब्द कागदावर घेतला नाही. घेतला नाही कारण मला विचारणारे कोणी बरोबर नव्हते, आणि मलाही आपल्या वजनाचा भरवसा वाटू लागला होता. केंद्र महिनाभर उघडले नाही. तोवर गरजवंताने खेड्यातच व्यापाऱ्याला माल देऊन टाकला. क्विंटलमागे किती बुडाले ते ज्याचे त्याला ठाऊक.

त्यानंतर जिल्हा बैठक झाली. मला वाटले आता लोक फाडून खातील. कोणी एक शब्द बोलले नाही. उलट त्याच बैठकीत जिल्हाप्रमुखाचे नाव निघाले, एकाने माझे नाव घेतले, दुसऱ्याने अनुमोदन दिले, सगळ्यांनी हात वर केले. एकमत! संध्याकाळी एसटी स्टँडवर एक म्हातारी कार्यकर्ती भेटली. त्या रास्ता रोकोत दोन्ही रात्री बसलेली. ती म्हणाली, "भाऊ, हात तर आमी वर केला. पण तुमी समोरच बसले होते ना."

मी त्या रात्री झोपलो नाही असे सांगितले तर खोटे ठरेल. झोपलो. पण ते वाक्य राहून गेले.

आपण सगळे कापूसवाले आहोत, फरदड म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. हंगाम संपला, वेचण्या झाल्या, तरी दोन-चार क्विंटल आणखी निघेल म्हणून पऱ्हाटी उभी ठेवायची. शेतकी खाते दरवर्षी ओरडते की डिसेंबरअखेर वावर मोकळे करा. कारण उघड आहे. उभ्या फरदडीत गुलाबी बोंडअळीला पोट भरायला मिळते, तिची साखळी तुटत नाही, आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या वावरातही तीच अळी जाते. २०१७ साली विदर्भात काय झाले ते आपण भोगले आहे. फरदडीचे झाड वाईट नसते. त्यानेच तर चांगला कापूस दिलेला असतो. त्याचा हंगाम संपलेला असतो, एवढेच. माझ्या जिल्ह्यात मी ही फरदड झालो आहे, आणि माझ्या आडोशाला काय काय वाढले ते मलाही पूर्ण दिसत नाही. पावतीपुस्तके माझ्या घरी, पासबुक माझ्या घरी, शिक्का माझ्या बायकोच्या शिवणाच्या डब्यात. गैरव्यवहार नाही, पै-पैचा हिशेब आहे. पण तो मागणार कोण, आणि कोणाच्या घरी जाऊन?

तेव्हा चिठ्ठी हवी. आता चिठ्ठी कोणी टाकायची, हा खरा वादाचा भाग. सरकारने यात काय गोंधळ घातला तो पाहा, म्हणजे आपण तो घालणार नाही.

२०१७ पर्यंत सरपंच ग्रामपंचायतीचे सदस्य निवडत. त्या वर्षी थेट गावाने निवडायचा कायदा झाला. सरकार बदलले, २०२० साली तो रद्द. २०२२ साली पुन्हा सरकार बदलले, पुन्हा थेट. नगराध्यक्षाचेही तेच : २००१ ला थेट, २००६ ला सदस्यांतून, २०१६ ला थेट, २०२० ला सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. आपल्या गावाला कोणती पद्धत बरी, हे गावाला कोणी विचारले होते? ज्याला जी सोयीची, त्याने ती आणली. म्हणून माझी पहिली दुरुस्ती अशी की आपला हा नियम एकदा ठरला की तो बदलायला दोन लागोपाठच्या जिल्हा बैठकांत दोन-तृतीयांश मते लागावीत, आणि बदल झालाच तर तो पुढच्या निवडणुकीपासून.

मी आधी थेट निवडणुकीच्या बाजूचा होतो. आता नाही. थेट सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, म्हणून कामे अडून राहिलेली गावे आपण पाहिली. जिल्हाप्रमुखाला ग्रामशाखांबरोबर रोज काम करायचे आहे. तेव्हा ग्रामशाखांच्या प्रतिनिधींनी त्याला निवडावे. प्रत्येक शाखेचे दोन प्रतिनिधी, त्यांत एक बाई. मात्र हे प्रतिनिधी शाखेतल्या सगळ्या सदस्यांनी चिठ्ठीने निवडलेले पाहिजेत, शाखाप्रमुखाने नेमलेले नकोत. नाही तर आपली बाजार समिती होईल.

बाजार समितीचे गणित आठवा. संचालक १८. सोसायटीच्या मतदारसंघातून ११, ग्रामपंचायतीतून ४, व्यापारी-अडते २, हमाल-तोलारी १. सोसायटीच्या ११ जागांना मत कोणाला? गावच्या सोसायटीच्या संचालकांना. ज्याचा कापूस, ज्याची तूर त्या आवारात मोजली जाते, त्या साध्या शेतकऱ्याला मतच नाही. २०१७ साली दहा गुंठ्यांच्या वरच्या आणि पाच वर्षांत तीनदा माल आणणाऱ्या शेतकऱ्याला मत दिले, २०२० साली काढून घेतले. २०२३ च्या एप्रिलमध्ये निवडणुका झाल्या तेव्हा शेतकऱ्याला उमेदवार होता येत होते, मत देता येत नव्हते. म्हणजे नवरदेव व्हा, पण पंगतीला बसू नका. मोजके मतदार असले की त्यांना गाडीत घालून सहलीला नेता येते. मतदार गावागावांत पसरलेला असला की तेवढ्या गाड्या मिळत नाहीत.

याला जोडून आणखी एक. निवडणुकीआधी महिनाभरात नवे सदस्य भरायचे, त्यांची वर्गणी एकाच खिशातून जायची, हा खेळ सोसायट्यांत सगळ्यांनी पाहिला आहे. ज्याची पावती सहा महिने जुनी, त्यालाच मत. बटईने वावर करणाऱ्याला आणि नवऱ्याच्या नावावर सातबारा असलेल्या बाईला, वर्गणी भरली असेल तर, पूर्ण मत. आपण जमिनीची संघटना नाही, शेती करणाऱ्यांची आहोत.

आता मुदत. काहींनी एक वर्ष सुचवले. कोरडवाहू माणसाने असे सुचवावे याचे नवल वाटते. एखाद्याच्या वर्षात पाऊसच दगा देईल, आंदोलन उभेच राहणार नाही, त्याचा दोष त्याच्या माथी कशाला? तीन हंगामांत एक बरा, एक मध्यम, एक बुडीत येतो, माणूस कळतो. पाच वर्षे फार होतात. या वसई-विरारच्या महापौराला अडीच वर्षे असतात. नगरसेवक त्याला निवडतात, आरक्षणाची सोडत वरून निघते, आणि कारभाराच्या किल्ल्या सरकारने पाठवलेल्या आयुक्ताकडे. त्या माणसाने काय करून दाखवायचे?

पण वसईकडून शिकायची मोठी गोष्ट निराळीच आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून ही महापालिका झाली. गावांनी विरोध केला, मोर्चे काढले. २०११ साली शासनाने २९ गावे वगळायचे ठरवले, ते प्रकरण उच्च न्यायालयात अडकले, आणि २०२४ साली ती गावे आतच ठेवायचा निर्णय झाला. पाण्याची, रस्त्याची तक्रार घेऊन ज्याच्या ओसरीवर जाता येई तो सरपंच या गावांनी २००९ ला गमावला. बदल्यात महापालिकेचा नगरसेवक मिळाला. बरे, तोही टिकावा ना! जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली साडेपाच वर्षे ना नगरसेवक, ना महापौर. प्रशासक. आपल्याकडेही बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसले.

मुदत कायद्यात लिहिलेली होतीच की. मुदत संपल्यावर निवडणूक झाली नाही तर काय, याचा बंदोबस्त नव्हता. आपल्या मसुद्यातही तो नाही. तीन वर्षे झाली, जिल्हाप्रमुख म्हणाला यंदा दुष्काळ आहे, पुढल्या वर्षी घेऊ, तर कोण काय करणार? मीच असे दोनदा म्हटलेले आहे, आणि दोन्ही वेळा दुष्काळ खराच होता. म्हणून दुसरी दुरुस्ती : मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांत निवडणूक झाली नाही तर पद आपोआप रिकामे झाले असे धरावे, जुन्या प्रमुखाने कोणत्याही कागदावर सही करू नये, आणि तालुकाप्रमुखांनी मिळून बैठक बोलवावी. ती बोलवायला कोणाची परवानगी लागू नये.

मधेच काढायचे झाले तर? २०१७ च्या सरपंचाच्या कायद्यात पहिली दोन वर्षे अविश्वास आणता येत नाही, मग तीन-चतुर्थांश सदस्य लागतात, आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. पाच वर्षांच्या पदाला ते ठीक असेल. आपल्या तीन वर्षांच्या पदाला पहिले एक वर्ष पुरे. निम्म्या ग्रामशाखांनी लेखी मागितले तर बैठक, आणि बैठकीत साध्या बहुमताने चिठ्ठी. तो आकडा कमी-जास्त करायचा तर करा, त्यावर मी अडून बसणार नाही.

फुटीच्या भीतीचे उत्तर मी अजून दिले नाही. फूट निवडणुकीने पडते तशी ती न बोललेल्या रागानेही पडते, आणि दुसऱ्या प्रकारात माणूस भांडतही नाही, यायचाच बंद होतो. आपल्या जिल्ह्यात बंद पडलेल्या ग्रामशाखा मोजा. कोणी भांडून गेलेले नाही. तरी प्रचाराचा खर्च टाळता येतो. नावे त्याच दिवशी बैठकीत यावीत, आधी जुन्या प्रमुखाने हिशेब वाचावा, मग प्रत्येक उमेदवाराने दहा मिनिटे बोलावे, मग चिठ्ठ्या, आणि सगळ्यांसमोर मोजणी. जेवण संघटनेचे, पिठलं-भाकर.

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे. माझ्या काही मित्रांनी दुरुस्ती दिली आहे की मसुदा मान्य करावा, पण आजवरची वर्षे मोजू नयेत. म्हणजे माझी नऊ पुसायची आणि पुढची सहा मला द्यायची. हे प्रेमाने केले आहे, मला माहीत आहे. सहकारी बँकांच्या संचालकांना २०२० च्या कायद्याने सलग आठ वर्षांची हद्द घातली, २०२५ साली अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक सोडून बाकीच्यांसाठी ती दहा केली. एकदा हद्द घातली की ती थोडी पुढे सरकवावी असे सगळ्यांनाच वाटते, धुऱ्याचा दगड सरकवावा तसे. या दुरुस्तीच्या विरुद्ध मी मत देणार आहे. माझी वर्षे मोजा. दोन मुदती माझ्या केव्हाच संपल्या. येत्या जिल्हा बैठकीत माझे नाव कोणी घेऊ नये.

कोणी म्हणेल, भाऊ गेले तर कापसाच्या भावाचे कोण बघेल? वणी, पांढरकवडा, दारव्हा या तिन्ही तालुक्यांतली पोरं माझ्यापेक्षा चांगले हिशेब मांडतात. मी चुकलो तर फोन करून सांगायचीही त्यांना सवय लागली आहे. मला कार्यकर्ता म्हणून काम द्या, माती परीक्षणाचे, बियाण्याचे. ते मला येते.

माझ्या जिल्ह्याची मंडळी तिसऱ्या रांगेत बसली आहेत. नऊ पावतीपुस्तके, पासबुक आणि शिक्का मी पिशवीत घालून आणले आहे. दोन पुस्तके अर्धी वापरलेली आहेत, त्यांतल्या कोऱ्या पावत्यांचे नंबर वहीत लिहिले आहेत. जेवणाआधी तिघांनी टेबलापाशी यावे, त्यांत एक बाई असावी, आणि मोजून घेऊन मला पोच द्यावी.